आधी पाणी, मग औषध

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. फळछाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी आमच्याकडे येते आणि रोज कोणाच्या ना कोणाच्या बोटाला कात्री लागते. औषधांचा डबा माझ्या ताब्यात असतो. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, सॅव्हलॉन, बीटाडीन, स्पिरिट, लाल औषध आणि निओस्पोरिनची पावडर आहे. मी आधी फेस थांबेपर्यंत पेरॉक्साइड ओतते, मग डेटॉल लावते आणि वर पावडर भुरभुरते. सासूबाई म्हणतात की हळदीसारखे औषध नाही. यातले खरे चांगले कोणते? आणखी एक. सासऱ्यांना बारा वर्षांपासून साखर आहे. तीन आठवड्यांपूर्वी चपलेतून त्यांच्या तळपायात खिळा घुसला. मी रोज पेरॉक्साइडने धुऊन पावडर भरते, तरी जखम भरत नाही. दुखत नाही, म्हणून ते दवाखान्यात यायला तयार नाहीत. काय करावे?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर :

ताई, सासऱ्यांचा प्रश्न तुम्ही ‘आणखी एक’ म्हणून शेवटी लिहिला आहे. मी त्याच्यापासूनच सुरुवात करते, कारण डब्यातल्या बाटल्यांचा विचार चार दिवसांनी केला तरी चालेल, पण त्या पायाचा विचार आजच व्हायला हवा. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात आणि तळव्यात खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो. त्यामुळे ‘दुखत नाही’ ही तुमच्या घरात धीर देणारी गोष्ट ठरली असली, तरी मला पत्रातले सर्वांत काळजीचे वाक्य तेच वाटले. खिळ्याची जखम वरून मसुराएवढी दिसते आणि आत खोल गेलेली असते. चपलेच्या रबराचा एखादा तुकडा आत राहिलेला असू शकतो, खाली पू साचलेला असू शकतो, आणि तीन आठवड्यांत संसर्ग हाडापर्यंतही पोहोचलेला असू शकतो. हे वरून औषध ओतून कळणारही नाही आणि बरेही होणार नाही.

त्यांना तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सकांकडे न्या. तिथे रक्तातील साखर तपासतील, पायाचा एक्स-रे काढतील, पायाची नाडी लागते का ते पाहतील आणि गरज वाटल्यास जखम उघडून साफ करतील. तोपर्यंत पेरॉक्साइड आणि पावडर पूर्ण बंद ठेवा, सलाईनने धुऊन स्वच्छ गॉज लावा आणि त्या पायावर भार देऊ नका. बागेत चक्कर मारणे तर नकोच. गरम पाण्याचा शेकही देऊ नका, कारण बधिर पायाला चटका कळत नाही आणि एका जखमेच्या दोन होतात. पायाला वास येत असेल, बोट काळे पडत असेल, लाली घोट्याकडे चढत असेल किंवा ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघा. ते ऐकत नसतील तर त्यांना एवढेच सांगा की दुखत नाही म्हणूनच दाखवायचे आहे.

आता तुमच्या डब्याकडे वळते. मी तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि त्यातला मोठा काळ ड्रेसिंगच्या खोलीत गेला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही जखमेवर पेरॉक्साइड ओतून फेस पाहत उभी राहत असे. एका तरुणाच्या पोटरीची जखम मी महिनाभर रोज अशीच ‘साफ’ केली. ती लाल व्हायची, कडा पांढुरक्या पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच दिसायची. नव्याने आलेल्या सर्जन बाईंनी ती पाहिली आणि बाटली उचलून माझ्या हातातून बाजूला ठेवली. त्या दिवसापासून फक्त सलाईन आणि ओलसर गॉज सुरू झाले. आठ-दहा दिवसांत जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखे बारीक लाल दाणे उगवले आणि जखम खालून वर भरत आली. त्या मुलाचा एक महिना माझ्या हाताने वाया गेला, ही गोष्ट मी अजून विसरलेली नाही.

फेस कशाचा येतो ते पाहा. आपल्या रक्तात आणि पेशींमध्ये कॅटलेज नावाचे एक विकर असते. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू असे दोन भाग करते, आणि त्या प्राणवायूचे बुडबुडे म्हणजे तो फेस. जखमेत एकही जंतू नसला तरी ताज्या रक्तावर फेस येणारच, म्हणून फेस येणे किंवा थांबणे यावरून जखम किती स्वच्छ झाली हे सांगता येत नाही. शिवाय जखम भरून काढणाऱ्या ज्या नव्या पेशी असतात, त्याही या औषधाने मरतात. आपल्याकडे दुकानांत बहुधा ६ टक्क्यांचे पेरॉक्साइड मिळते आणि बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, एका मिलिलिटरमधून २० मिलिलिटर प्राणवायू निघतो. सासऱ्यांच्या तळपायासारख्या अरुंद आणि खोल जखमेत ते ओतले की एवढ्या वायूला बाहेर यायला वाट मिळत नाही. तो आजूबाजूच्या ऊतींत शिरतो आणि क्वचित रक्तवाहिनीत जाऊन जिवावर बेतू शकतो. बाटली टाकून द्यायची नसेल तर कपड्यावरचे रक्ताचे डाग काढायला ठेवा, जखमेसाठी नको.

औषध जंतूंना मारते तसे शरीराच्या रक्षकांनाही मारते, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक ॲसिड वापरून शस्त्रक्रियेनंतरचे पू होणे कमी करून दाखवले आणि त्यानंतर जखमेवर काहीतरी जालीम ओतले पाहिजे हा समज सगळीकडे रुजला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते. पेनिसिलिनचा शोध त्यांनी पुढे १९२८ मध्ये लावला. तोफगोळ्याने फाटलेल्या जखमेचा नमुना म्हणून त्यांनी काचेच्या नळीला पोकळ काटे काढून घेतले, त्यात जंतू वाढवले, मग नळीत जंतुनाशक भरून ओतून दिले. काट्यांच्या टोकांतले जंतू जिवंतच राहिले. उलट त्याच औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र सहज मरत होत्या. कात्रीचा तिरका घाव किंवा तारेने फाटलेली कातडी यांच्यातही असेच कोपरे असतात, आणि तिथली घाण वाहत्या पाण्याच्या धारेनेच निघते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की तुमच्या डब्यात सर्वांत चांगले औषध नाहीच. ते माठात किंवा पाण्याच्या जारमध्ये आहे. पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याने ताजी जखम नीट धुतली, तर सलाईनने धुतल्यापेक्षा संसर्ग जास्त होत नाही, हे अनेक चाचण्यांतून तपासले गेले आहे. इथे बागेपुरती एक खबरदारी सांगते. ठिबकच्या नळीचे पाणी घेऊ नका, कारण त्यातून खते सोडलेली असतात. फवारणीच्या टाकीचे किंवा शेततळ्याचेही नको. पिण्याच्या पाण्याची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली भरा, झाकणाला स्वच्छ केलेल्या जाड सुईने भोक पाडा आणि बाटली दाबून धार जखमेत सोडा. आजूबाजूच्या कातडीला साबण लावा, जखमेच्या आत मात्र नुसते पाणी जाऊ द्या. अख्खी बाटली संपेपर्यंत, निदान पाच मिनिटे, हे करायचे आहे. बहुतेक लोक अर्ध्या मिनिटात थांबतात आणि मग औषधाकडून चमत्काराची अपेक्षा करतात. घरी सलाईन करायचे असेल तर एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा, घाला, झाकून थंड होऊ द्या आणि त्याच दिवशी वापरून उरलेले फेकून द्या.

धुण्याआधी रक्त वाहत असेल तर ते थांबवा. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून हात वर धरायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे मध्ये उचलून पाहायचे नाही. त्यानंतर बोटाची टोके हलवून घ्या. बोट वाकत किंवा सरळ होत नसेल, टोकाला बधिरपणा असेल, किंवा जखमेचे ओठ उघडे राहत असतील, तर पट्टी बांधून थेट दवाखाना गाठा. छाटणीच्या कात्रीने बोटाची शीर (बोट वाकवणारी दोरी) किंवा नस तुटणे अजिबात दुर्मीळ नाही आणि ती लवकर जोडली तरच बोट पूर्ववत चालते.

धुऊन झाल्यावर डब्यातले एकच औषध घ्या, ते म्हणजे पोव्हिडोन आयोडीन, जे तुमच्याकडे बीटाडीनच्या नावाने आहे. जुन्या टिंक्चर आयोडीनमध्ये अल्कोहोल असल्यामुळे ते झोंबायचे. इथे आयोडीन एका मोठ्या रेणूला बांधलेले असते आणि थोडे थोडे सुटते. लेबल मात्र वाचा. ‘सोल्यूशन’ लिहिलेले, ५ किंवा १० टक्क्यांचे, हेच जखमेसाठी आहे. ‘स्क्रब’ लिहिलेल्या बाटलीत साबण असतो आणि ते अखंड कातडीवर, हात धुण्यासाठी वापरायचे. सोल्यूशन लावल्यावर लगेच पुसू नका, एक-दोन मिनिटे राहू द्या. रक्त आणि पू यांच्यात आयोडीनचा जोर संपतो, त्यामुळे न धुता लावलेले बीटाडीन रंगापुरतेच उरते. थायरॉइडचा आजार असलेली व्यक्ती, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई आणि तान्हे मूल यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वारंवार किंवा मोठ्या भागावर लावू नका. आणि पहिल्या एक-दोन दिवसांनंतर, जखम लाल व स्वच्छ दिसत असेल तर, आयोडीनही थांबवा. डॉक्टरांनी संसर्ग पाहून सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

बाकीच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात लिहिते. सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइड असते. क्लोरहेक्सिडीनचा गुण कातडीवर बराच वेळ टिकतो, पण साबणाच्या अंशाने ते निकामी होते, म्हणून साबण पूर्ण धुऊन मगच लावावे. डोळ्यात आणि कानात ते कधीही जाऊ देऊ नका. डेटॉलमध्ये ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल असते आणि ते लेबलावरच्या प्रमाणात पाणी घालूनच वापरायचे असते. तुम्ही ‘डेटॉल लावते’ असे लिहिले आहे. ते सरळ बाटलीतून लावत असाल तर कातडी भाजते, आणि जखमेच्या कडेला जो पांढरा पापुद्रा दिसतो तो त्याचाच. जखम झोंबली म्हणजे औषध लागू पडले, हा आपला जुना समज आहे. झोंबते ती उघडी पडलेली नस. पातळ केलेले सॅव्हलॉन किंवा डेटॉल वाटीत दिवसेंदिवस ठेवू नका आणि त्यात भिजवलेल्या कापसाची बरणीही भरून ठेवू नका. पातळ झालेल्या जंतुनाशकात काही जंतू मजेत वाढतात आणि मग आपण तेच जखमेत घालतो. स्पिरिट इंजेक्शनच्या आधी अखंड कातडीवर ठीक आहे, उघड्या जखमेत नाही. लाल औषध, म्हणजे मर्क्युरोक्रोम, आजच काढून टाका. त्यात पारा आहे, आणि त्याच्या रंगाखाली जखमेची लाली वाढते आहे का तेही दिसत नाही.

निओस्पोरिनची पावडर जंतुनाशक नसून प्रतिजैविक आहे, त्यात तीन प्रतिजैविके एकत्र केलेली असतात. साध्या धुतलेल्या जखमेला तिची गरज नसते. तिच्यातल्या निओमायसिनची अनेकांना ॲलर्जी असते; जखमेभोवती खाज सुटते, कातडी लाल होऊन पाझरते, घरच्यांना वाटते संसर्ग वाढला, आणि ते आणखी पावडर टाकतात. शिवाय पावडर जखमेतल्या पाझराबरोबर घट्ट होऊन खडा बनते आणि त्याच्या आड घाण साचते.

पावडरीचा हा मोह मला वाटते आपल्या बोलण्यातूनच आला असावा. जखम बरी झाली की आपण ‘सुकली’ म्हणतो, म्हणून ती कोरडी करण्याची धडपड करतो, वारा लागावा म्हणून उघडी ठेवतो. पण आपल्याच भाषेत ‘जखम भरून आली’ असेही म्हणतात, आणि ते अधिक खरे आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवरच्या जखमांवर दाखवून दिले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने येते. तेव्हा धुतल्यावर पातळसर व्हॅसलीन किंवा न चिकटणारे गॉज लावून पट्टी बांधा, आणि पट्टी भिजली किंवा मळली की बदला. पट्टी चिकटली असेल तर ओढू नका. सलाईनने भिजवून दोन मिनिटे थांबा, ती आपोआप सुटते.

आता सासूबाईंची हळद. त्यांना चुकीचे ठरवू नका, कारण हळदीचा गुण नाकारण्यासारखा नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरून काढण्यावर पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हा आपला जुना घरगुती उपाय असल्याचे पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. पण ती लढाई हे ज्ञान कोणाचे याची होती. डब्यातली दळलेली हळद निर्जंतुक आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. ती गिरणीतून, पोत्यातून, ओल्या चमच्यातून आलेली असते आणि कधी कधी तिच्यात रंगाची भेसळही असते. माझ्याकडे एक बाई अंगठ्याच्या घावात हळद आणि तेल चेपून आल्या होत्या. सलाईनचे थेंब सोडत, चिमट्याने ती पिवळी खापरी पापुद्र्या-पापुद्र्याने काढायला मला पाऊण तास लागला, आणि खाली शीर तुटलेली आहे हे तेव्हा दिसले, घाव झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी. सासूबाईंना हळद दुधातून द्यायला सांगा, जखमेत नको.

लोखंडाच्या गंजामुळे धनुर्वात होतो असे सगळे मानतात. पण दोष गंजाचा नाही. धनुर्वाताचे बीजाणू माती आणि शेणखतात असतात, आणि बागेत त्यांची कमी नाही. कोणतेही जंतुनाशक जखमेवर जेवढा वेळ राहते तेवढ्यात या बीजाणूंचा नाश करील असा भरवसा धरता येत नाही; तिथे लसच कामाची. लसीचा मूळ क्रम पूर्ण झालेला असेल तर स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या डोसनंतर दहा वर्षे, आणि मातीने भरलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षे उलटली असतील तेव्हाच नवा डोस लागतो. ज्यांना आपला क्रम आठवत नाही, आणि टोळीतल्या बहुतेकांना तो आठवत नसतो, त्यांना दवाखान्यात न्या. आता टीटीऐवजी (फक्त धनुर्वाताची लस) टीडी (धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींची लस) देतात. सासऱ्यांच्या लसीचेही विचारून घ्या. राखणीचे कुत्रे चावले तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, आयोडीन लावून, पट्टी घट्ट न बांधता त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी निघा.

छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटण्यासाठी तुमच्याकडे पेस्ट लावतात, त्यातले हायड्रोजन सायनामाइड कातडी भाजते. ज्याच्या बोटाला ताजी जखम आहे त्याला पेस्टच्या कामाला लावू नका, रबरी हातमोजा घातला असला तरी. ते जखमेत गेलेच तर कोणतेही औषध न लावता भरपूर पाण्याने धुऊन दवाखान्यात न्या, आणि बाटलीचे लेबल बरोबर घ्या.

पहिल्या दोन-तीन दिवसांत कडेला थोडी लाली आणि थोडी कळ असणे स्वाभाविक आहे. ती वाढते आहे का हे ओळखण्यासाठी लालीच्या सीमेवर बॉलपेनने रेघ ओढून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, जखम ठसठसू लागली, पू आला, हातावर लाल रेघ वर चढली, काखेत अवधाण आले किंवा ताप भरला, तर डब्यातले काहीही पुन्हा न लावता डॉक्टरांना दाखवा.

डब्यात आता एवढेच ठेवा : सलाईनच्या दोन बाटल्या, भोक पाडलेल्या झाकणाची एक रिकामी बाटली, पोव्हिडोन आयोडीनचे लहान सोल्यूशन, गॉजची बंद पाकिटे, पट्टी, चिकटपट्टी, व्हॅसलीन, चिमटा आणि बॉलपेन. आयोडीनची बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. टोळीच्या मुकादमाला हे एकदा हाताने करून दाखवा, कारण तुम्ही घरात असताना कात्री बागेत लागते. आणि हे सगळे सासऱ्यांना गाडीत बसवून आणल्यानंतर करा.